सुवार्ताबाईंचा पहिला उद्गार

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी चर्चमधून घरी आल्या की सुवार्ताबाई आधी चहापत्तीचा डबा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि शेजारच्या पारूकाकूंच्या हवाली करून यायच्या. उपवासकाळ संपेपर्यंत डबा तिकडेच. घरात ठेवला तर आपला हात जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि स्वतःबद्दल जे ठाऊक होतं ते त्या कुणापासून लपवत नसत. पारूकाकू थेरगावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. "आमच्यात श्रावन, तुमच्यात ह्यो म्हैना," असं म्हणून त्या डबा आत नेऊन ठेवायच्या आणि वर बजावायच्या, "पर चार दिसांनी मागाया येऊ नगा." एका वर्षी सुवार्ताबाई खरोखरच मागायला गेल्या. डोकं फुटायची वेळ आली होती. पारूकाकूंनी डबा दिला नाही. सुंठ उगाळून कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "तुमच्या देवाला म्या काय तोंड दावू?" पुढच्या रविवारी सुवार्ताबाईंनी भर मंडळीत उभं राहून साक्ष दिली, की या वर्षीचा माझा उपास माझ्या हिंदू शेजारणीने राखला, तिच्यासाठी प्रार्थना करा.

त्यांचा स्वभावच असा, सगळं उघड्यावर. उंच, सडसडीत बाई. रविवारी पांढरं पातळ, चष्म्याला दोरी, काखेत रेक्झिनच्या कव्हरात घातलेलं पवित्र शास्त्र. चहा सुटला की पहिला आठवडा त्यांची इतकी चिडचिड व्हायची की पाळकसाहेबसुद्धा त्यांच्या बाकाला वळसा घालून पुढे जायचे. आमच्या मंडळीतले बहुतेक सगळे नगर जिल्ह्यातून कारखान्यांच्या मागे आलेले. सुवार्ताबाई नेवाशाकडच्या. नवऱ्याबरोबर भोसरीला आल्या, नवरा लवकर गेला, आणि त्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला लागल्या त्या म्हाताऱ्या होईपर्यंत तिथेच राहिल्या. मुलगा प्रकाश आणि त्या, एवढंच घर.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो उपवासकाळातल्या एका घरच्या प्रार्थनेत. आमच्याकडे या दिवसांत रोज संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी सभा असते. सतरंजी, पेटी, ढोलकी, दोन गीतं, एक वचन, शेवटी आशीर्वाद. मी नुकताच चाकणच्या कंपनीत खरेदी विभागात लागलो होतो आणि डांगे चौकाजवळ खोली घेऊन राहत होतो. सभा संपल्यावर चपला शोधत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"नवा दिसतोस. कुठला रे तू?"

"श्रीरामपूरचा, मावशी."

"म्हंजे आपल्याकडलाच की. लेंटमधे काय सोडलंस?"

काहीतरी सोडलेलं बरं दिसतं म्हणून मी म्हणालो, "गोड."

"किती खातोस?"

"तसं फारसं आवडत नाही मला."

"मंग न आवडनारं देवाला कशाला देतोस?" चार माणसांत त्यांनी मला धरलं. "तुझ्या जिवाला लागंल आसं काय हाये? ते सांग."

मला खोटं सुचलं नाही. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी मोबाइलवर क्रिकेट बघायचो. तेवढाच वेळ माझा होता. "ते सोड," त्या म्हणाल्या. "आनि सोडलेली जागा रिकामी ठेवू नको. रिकामी ठेवली की मानूस आपलंच कौतुक करत बसतो, की बघा, मी किती मोठा उपासवाला. तिथं दुसऱ्या कुनाला तरी बसव."

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल खिशात ठेवला आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे वळलो. हा गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत होता आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. लातूरकडचा निघाला. "राव, तुमचं काय बिनसलंय का? आज मॅच न्हाई लावली?" त्याने काळजीने विचारलं. मी उपवासाचं सांगितलं. मोशीपर्यंत त्याला हसू आवरेना, आणि मोशीच्या पुढे त्याने सांगितलं की त्याची बायको दोन महिने गावी आजारी आहे आणि रजा मिळत नाही. त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या प्रार्थना त्या बाईसाठी झाल्या. तिचा चेहरा मी आजही पाहिलेला नाही. पण देवाशी बोलताना मागण्यासारखं काहीतरी खरं हाताशी असलं की प्रार्थना कशी वेगळी होते, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं.

सुवार्ताबाईंची नोकरी माल तपासण्याची. दिवसभर टेबलाशी बसून रबराचे छोटे भाग हातात घ्यायचे, फिरवून बघायचे, चांगला असेल तर एका पेटीत, खराब असेल तर लाल पेटीत, आणि दुरुस्त होण्यासारखा असेल तर तिसऱ्या, रीवर्कच्या पेटीत. त्या तिसऱ्या पेटीवर त्यांचा सगळा धर्म उभा होता. "लोकांना वाटतं देवाकडं दोनच पेट्या हायेत," त्या म्हणायच्या. "आरं, त्याच्याकडं लाल पेटीच न्हाय. समदा माल रीवर्कला." तरुण संघाच्या पोरांना आत्मपरीक्षण म्हणजे काय हे सांगायला त्यांना एकदा बोलावलं होतं. त्यांनी सोबत निवडायची मेथी आणली. बोलता बोलता जुडी निवडत होत्या आणि सांगत होत्या, की मी रोज संध्याकाळी भाजी निवडताना दिवस निवडते. सकाळी कुणाशी काय बोलले, कुठे खोचक बोलले, कुठे गप्प राहायला पाहिजे होतं तिथे बोलले. "आनि जे रीवर्कला जाईल ते दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करायचं. नुसतं 'देवा, चुकलं' म्हनून भागत न्हाय. कंपनीत चालतं का आसं?" एका पोराने विचारलं, "मावशी, रोज काही ना काही निघतंच का?" त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखे भेटले की निघतं."

आता मला त्या गोष्टीकडे आलं पाहिजे, जिच्याशिवाय सुवार्ताबाईंचं चित्र पुरं होणार नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार एकेकाला वाटून दिलेले असतात, आणि ज्याने त्याने आपल्या उद्गारावर बोलायचं असतं. पाळकांनीच सगळं बोलावं असं आमच्यात नाही. शिक्षक बोलतात, फिटर बोलतात, घरच्या बायका बोलतात. मी मंडळीचा सेक्रेटरी झाल्यापासून हे उद्गार वाटण्याचं काम माझ्याकडे आलं. वरवर साधं वाटणारं काम, पण यात माणसांचे जेवढे रुसवे-फुगवे मी पाहिले तेवढे निवडणुकीतही पाहिले नाहीत. सुवार्ताबाईंकडे दरवर्षी पाचवा उद्गार असायचा, तहानेचा. त्या फार थोडं बोलायच्या आणि बोलून झालं की लोकांना घसा कोरडा पडल्यासारखं व्हायचं. एप्रिलच्या उन्हात, उपाशी पोटी, पत्र्याच्या छताखाली बसलेल्या माणसांना तहान समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

पाळकसाहेबांनी मात्र दोन-तीनदा त्यांना पहिला उद्गार देऊ केला होता. क्षमेचा. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी प्रभूने बापाकडे केलेली विनंती: 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' सुवार्ताबाईंनी दरवेळी मान हलवली. "न्हाय साहेब. जे माझ्याकडं न्हाय ते मी लोकांना कुठून वाटू?"

त्या असं का म्हणतात हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. प्रकाश चाकणजवळच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होता. पत्रा ठेवायचा, बटणं दाबायची, वरून धाडकन साचा येतो आणि भाग तयार. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. पण टार्गेट गाठायचं म्हटलं की त्यात वेळ जातो. म्हणून जुन्या प्रेसवरचे लोक एक बटण लाकडाची पाचर मारून दाबून ठेवायचे. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. कुणी हे उघड बोलत नसे आणि जवळपास सगळे करत. प्रकाशच्या आधीच्या शिफ्टला त्याच प्रेसवर सत्यवान होता. सत्यवान आमच्याच मंडळीतला, नेवाशाकडचाच, प्रकाशहून थोडा मोठा. त्या दिवशी तो उजव्या बटणातली पाचर न काढता घरी गेला. प्रकाशने शिफ्टचा पहिलाच पत्रा थोडा तिरका बसलेला पाहिला. डावा हात बटणावर टेकवून तो उजव्या हाताने पत्रा सरळ करायला वाकला आणि बटण दाबलं गेलं. एका बटणाने काही होत नाही, हा त्याच्या हाताचा भरवसा होता. त्या दिवशी एकच बटण पुरलं. उजव्या हाताची बोटं गेली.

प्रकाश सावरला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, डाव्या हाताने असं बारीक काम करतो की बघत राहावं. सत्यवानशी तो पहिल्यापासून बोलायचा. आईला म्हणायचा, "आई, हात माझा गेला. राग तुला कशाला पाहिजे?" सुवार्ताबाई म्हणायच्या, "गेला तुझा. पन तो हात माझ्या पोटात झाला व्हता."

सत्यवानची नोकरी गेली. तो पुनावळ्याला एका सोसायटीत सिक्युरिटीला लागला. चर्चला दर रविवारी यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वादाच्या आधीच निघून जायचा. सुवार्ताबाई त्याच्याकडे बघायच्या नाहीत. मेथी निवडताना दिवस निवडणारी, समद्या मालाला रीवर्कला पाठवणारी ही बाई, आणि या एका माणसाबद्दल तिचं काही पुढे सरकत नव्हतं. त्यांना त्याचा त्रास किती होत होता हे मी जवळून पाहत होतो. "मी मेल्यावर देव विचारंल, सुवार्ता, हे एवढंच का तसंच ठेवलंस? काय सांगू?" असं त्या एकदा म्हणाल्या. घरच्या प्रार्थनांच्या यादीत मी सगळ्यांची घरं लावायचो, सत्यवानचं तेवढं लावायचो नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी विचारतही नव्हतं.

एका वर्षी राखेच्या बुधवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "चहा सोडून सोडून आता चहाचं काय वाटंना. या वर्षी चहा पिनार. सत्यवानचं घर लाव."

"मावशी, नक्की?"

"तुला लावायला सांगितलंय. नक्की का ते मी बघंन."

पुनावळ्यात नव्या सोसायट्यांच्या मागे जुन्या चाळीची एक रांग उरली आहे, तिथे सत्यवानची खोली. त्याच्या बायकोने, मीनाने, पलंग उभा करून जागा केली होती, स्वच्छ चादरी अंथरल्या होत्या. सुवार्ताबाई आत आल्या तेव्हा ती दारातच रडायला लागली. गीतं झाली, वचन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. सत्यवान भिंतीशी बसला होता, मान खाली.

सुवार्ताबाईंनी विचारलं, "काय घातलं व्हतंस रे बटनात?"

"लाकूड, मावशी. पॅकिंगच्या पेटीतलं."

"आनि विसरलास."

सत्यवानने मान वर केली. मी त्याचा चेहरा इतका नीट कधी पाहिला नव्हता. "विसरलो नव्हतो, मावशी," तो म्हणाला. "सगळे तसंच म्हणतात, मी पण कंपनीतल्या साहेबाला तसंच सांगितलं. पण बस मोशीला आली तेव्हा मला आठवलं होतं. फोन खिशात होता. फोन केला तर पाचर कोणी मारली ते निघणार, म्हणून केला नाही. प्रकाश बघेल, त्याला माहितीय, असं मनाला म्हटलं. घरी जाऊन जेवलो. मग फोन आला."

मीनाने तोंडात पदर घातला. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

सुवार्ताबाई उठल्या. "साहेब, आशीर्वाद द्या. निघू," एवढंच म्हणाल्या. आशीर्वाद झाला. रस्त्यावर रिक्षाची वाट बघत आम्ही उभे होतो. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात मला त्यांचं बोलणं नीट ऐकू यायला त्यांच्या जवळ सरकावं लागलं. "इतकी वर्षं मी विसरलेल्या मानसाला माफ करायचं म्हनत व्हते," त्या म्हणाल्या. "तेच जमत नव्हतं. आता हा तर आठवलेला निघाला." मला वाटलं, घर लावून मी मोठी चूक केली. उरलेल्या उपवासकाळात त्या घरच्या प्रार्थनांना आल्या नाहीत. पाळकसाहेब दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा बाईंनी चहा करून पाजला आणि विषय काढू दिला नाही. प्रकाश सांगायचा, आई शास्त्राचं एकच पान उघडून बसते.

उत्तम शुक्रवारच्या आधी झावळ्यांचा रविवार असतो, त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "पहिला उद्गार कुनाला दिलायस?"

मी एका निवृत्त मुख्याध्यापकांचं नाव सांगितलं. हे गृहस्थ पहिल्या उद्गारावर एकदा सुरू झाले की सातव्याला वेळ उरत नसे.

"त्यांना सांग, सुवार्ताबाईला पाहिजे. रुसले तर मी समजूत काढंन."

मुख्याध्यापक रुसले. मी त्यांना तहानेचा उद्गार दिला.

उत्तम शुक्रवारी पंखे गरम हवा फिरवत होते. चर्च भरलेलं. शेवटच्या बाकावर सत्यवान आणि मीना. पहिलं गीत झालं आणि सुवार्ताबाई पुढे गेल्या. हातात कागद नाही, पुस्तकही बंद. चष्म्याची दोरी मानेमागे सरळ करून त्या बोलायला लागल्या.

"या उद्गारावर मी कधी बोलले न्हाय. का, ते तुम्हाला म्हाईत हाये. ज्याच्यामुळं माझ्या लेकाचा हात गेला त्याला मी माफ केलेलं न्हाय. आजबी केलेलं न्हाय. देवाच्या घरात उभी ऱ्हाऊन खोटं बोलनार न्हाय."

पाळकसाहेब वेदीजवळच्या खुर्चीत ताठ बसले. मला वाटलं, आता काय?

"पन या लेंटमधे मी ह्यो एकच उद्गार धरून बसले," त्या पुढे म्हणाल्या. "रोज वाचायचा, रोज. आनि मला दिसलं, की प्रभूनं त्या खिळे ठोकनाऱ्यांना 'मी तुम्हाला माफ केलं' आसं म्हटलेलंच न्हाय. तो त्यांच्याशी बोललाच न्हाय. तो बापाशी बोलला. बापा, तू कर. मला वाटतं, त्याच्या हातांत खिळे व्हते तवा. लई दुखत आसनार. आनि दुखत आसताना त्यानं ते काम बापाच्या गळ्यात घातलं. मंग मी कोन लागून गेले, की दुखत आसताना माझं मीच करून दाखवीन? माफ करायला मला जमत न्हाय. मागायला जमतं. मागायला का न्हाय जमनार?"

मग त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून शेवटच्या बाकाकडे बघितलं. किती वर्षांनी बघत होत्या, देव जाणे.

"सत्यवान, उभा ऱ्हा."

तो उभा राहिला. मीनाने त्याच्या शर्टाचं टोक धरलं होतं. सुवार्ताबाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात, माल मोजून देताना असायचा तसल्या सरळ आवाजात म्हणाल्या, "बापा, ह्या सत्यवानाला माफ कर. ह्याला आठवलं व्हतं, तरी माफ कर. मला आजून जमत न्हाय. तू कर. आमेन."

'आमेन' म्हणायला मंडळीला जरा वेळ लागला. सगळ्यात आधी ते प्रकाशच्या तोंडून आलं. सुवार्ताबाई आपल्या जागेवर येऊन बसल्या, पदराने तोंड पुसलं. पेटीवाल्याला पुढचं गीत सुरू करायचं भान नव्हतं, कुणीतरी त्याला कोपराने ढोसलं. सत्यवान बराच वेळ उभाच होता, मीनाने त्याला खाली ओढून बसवलं. त्या दिवशी तो आशीर्वाद होईपर्यंत थांबला. तहानेच्या उद्गारावर मुख्याध्यापक बोलले, आणि आश्चर्य म्हणजे थोडं बोलले.

यानंतर सगळं गोड झालं असं लिहिलं तर सुवार्ताबाई मला सोडणार नाहीत. पुढचे कित्येक महिने त्या सत्यवानशी बोलल्या नाहीत. मात्र रोज सकाळी दूध तापत ठेवलं की उतू येईपर्यंतच्या वेळात त्याच्यासाठी मागायच्या. कसं चाललंय ते मलाही सांगायच्या, कारण मी विचारायचो. "आज दात-ओठ खाऊन मागितलं," असं सांगायच्या. कधी, "आज मनात नव्हतं, तरी मागितलं. बापाला काय, मागनी मागनी आसती." एकदा प्रकाशच्या हाताला थंडीत फार दुखलं, त्या दिवशी म्हणाल्या, "आज मागताना शिवी आली तोंडात. ती बी त्यालाच सांगितली." मला धीट प्रार्थना म्हणजे काय ते या बाईने शिकवलं. देवापुढे बरं दिसायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही, आणि देव आपलं ऐकतोय याबद्दल त्यांच्या मनात शंका अशी कधी नव्हती. मी स्वतः तेव्हा चाकणच्या कंपनीत एका वरिष्ठाच्या त्रासाने हैराण होतो. त्याला माफ करणं माझ्या आवाक्यात नव्हतं. मावशीची रीत उसनी घेऊन मी बसमध्ये बसल्या बसल्या त्याच्यासाठी मागायला लागलो. वरिष्ठ सुधारला नाही. पण रविवारी रात्री सोमवारच्या धास्तीने माझी झोप उडायची, ती हळूहळू परत लागायला लागली.

वर्षभराने, नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या सणाला, सुवार्ताबाई सत्यवानला "सलाम" म्हणाल्या, आमच्यातला नमस्कार. त्याच्या पुढच्या वर्षी मीना आजारी पडली तेव्हा त्यांनी प्रकाशच्या हातून डबा पाठवला. मग आम्हीही या गोष्टीकडे लक्ष देणं सोडून दिलं, जसं चालत्या घड्याळाकडे कुणी बघत बसत नाही.

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात सुवार्ताबाई गेल्या. झोपेतच. त्याच्या आधी महिनाभर त्यांचा दम वाढला होता, घराबाहेर पडणं बंद होतं. उपवासकाळातला एक रविवार. उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांबरोबर त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला गेलो. ते झालं, पाळकसाहेब पुढच्या घरी निघाले, मी मागे थांबलो. पारूकाकू उशाशी बसून मोसंबी सोलत होत्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मी विचारलं, "मावशी, सत्यवानचं मागणं चालू आहे ना अजून?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांची चोरी पकडली.

"गेल्या महिन्यात त्याच्या पोरीचं लगीन झालं न्हाय का तळेगावला," त्या म्हणाल्या. "प्रकाशनं गाडीतून नेलं मला. जेवले. पोरीला आशीर्वाद दिला, मीनाशी बोलत बसले. घरी आले, पातळ बदललं, आनि एकदम ध्यानात आलं, आज सकाळी मागितलंच न्हाय. म्हटलं, काल? कालबी न्हाय. परवा? किती दिवस झाले मागून, मला आठवंना. दूध रोज तापत व्हतं, आनि मी आपली उभी राहून कसला तरी दुसराच इचार करत व्हते."

"मग?"

"मंग त्याचा राग कुठं हाये ते बघायला गेले आत, तर तिथं काय न्हाय." दम लागला म्हणून त्या थांबल्या. पारूकाकूंनी मोसंबीची फोड पुढे केली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. त्या थोड्या रागावल्यासारख्या दिसत होत्या, दुकानदाराने न विचारता माल बांधून दिल्यावर माणूस दिसतो तशा.

"इतकी वर्षं माझ्याकडून मागून घेतलं त्या बापानं," त्या म्हणाल्या, "आनि करायच्या येळेला गुपचूप उरकून टाकलं. मला इचारलंबी न्हाय."